जुने पोकलेन घ्यावे पारखून

फेब्रुवारीतली शनिवारची सकाळ होती. बाहेर नेहमीची भुरभुर चालू होती आणि मी दुसरा चहा ओतून घेत होतो, तेवढ्यात आपल्या मंडळातल्या एका स्नेह्यांचा फोन आला. "अहो काका, मशीन मिळालं! चौदा टनी, फक्त चार हजार तास चाललेलं. सोमवारी पैसे भरतोय."

हे गृहस्थ सिव्हिल इंजिनियर. आयर्लंडला येऊन बारा वर्षे झाली, सगळी इथल्या बांधकाम कंपन्यांत साइटवर गेली. आता नागरिकत्व मिळाले होते आणि स्वतःची छोटी कंत्राटदारी सुरू करायची होती. घरांचे पाये, सांडपाण्याच्या नळ्या, आवारातले रस्ते अशी कामे. दोन कामांचा शब्दही मिळाला होता. घराच्या डिपॉझिटसाठी साठवलेले पैसे यंत्रात घालायचे ठरले होते. म्हणजे प्रश्न नुसत्या लोखंडाचा नव्हता, पुढची पाचसहा वर्षे त्या कुटुंबाने कुठे आणि कसे राहायचे याचा होता.

मी विचारले, "पाहिलंत का?" ते म्हणाले, "फोटो पाहिले. रंग अगदी नवा आहे." मी म्हटले, "मग सोमवारऐवजी आज जाऊ. पैसे मात्र घरी ठेवा."

माझा उमेदीचा काळ अशी यंत्रे दुरुस्त करण्यात गेला, आधी पिंपरी-चिंचवडला आणि नंतर इकडे. त्या दिवशी आम्ही काय पाहिले आणि नंतर घरी बसून काय हिशेब मांडला, ते इथे सविस्तर लिहितो. आपल्यातले बरेच जण इथल्या बांधकाम क्षेत्रात आहेत आणि आणखीही एकदोघांच्या मनात हाच विचार आहे असे कानावर आले आहे. ज्यांना यंत्र घ्यायचे नाही त्यांनीही हिशेबाचा भाग वाचावा. जुनी व्हॅन घेतानाही तो उपयोगी पडेल.

पोकलेन, जेसीबी आणि ट्रॅक मशीन

आधी नावांचा घोळ निस्तरू. आपल्याकडे साखळीवर चालणाऱ्या आणि सगळ्या बाजूंनी फिरणाऱ्या खोदयंत्राला सर्रास 'पोकलेन' म्हणतात, कुणी 'पोकलँड'ही म्हणतात. हे मूळ एका फ्रेंच कंपनीचे नाव. जॉर्ज बताय यांनी १९२७ साली ती काढली, आणि १९६१ साली आलेले त्यांचे टीवाय ४५ हे पूर्ण हायड्रॉलिक खोदयंत्र फार गाजले. भारतात लार्सन अँड टुब्रोने त्यांची यंत्रे बनवली आणि ते नाव गावोगाव रुजले. 'जेसीबी' म्हणजे पुढे फावडे आणि मागे खोदणारा हात असलेले, रबरी चाकांचे यंत्र. ते नाव जोसेफ सिरिल बॅमफर्ड यांच्या आद्याक्षरांवरून आले. त्यांनी १९४५ साली इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायरमध्ये धंदा सुरू केला. आज त्याच कंपनीचा कारखाना आपल्या पुण्याजवळ तळेगावलाही आहे.

आयर्लंडमध्ये पोकलेन म्हटले तर कुणाला कळणार नाही. इथे 'डिगर' किंवा 'ट्रॅक मशीन' म्हणायचे. मध्यम आकाराचे म्हणजे साधारण १३ ते १४ टन वजनाचे. इंजिन शंभर अश्वशक्तीच्या आसपास, आणि खोदण्याची खोली साडेपाच मीटरच्या जवळपास. हिताची झॅक्सिस १३०, कोमात्सु पीसी १३८, व्होल्वो ईसीआर १४५, ह्युंदाई रोबेक्स १४०, दूसान डीएक्स १४०, जेसीबीचे जेएस १३० ही या गटातली ओळखीची नावे. यांतल्या दूसानचे नाव २०२३ पासून 'डेव्हेलॉन' झाले आहे. जुन्या यंत्रावर जुने नाव दिसले तर गोंधळू नये.

नव्या कंत्राटदाराला हा आकार सोयीचा पडतो. घराचा पाया आणि नळीचा चर तो आरामात काढतो, आणि तरी लो-लोडरवर चढवून एका गावाहून दुसऱ्या गावाला नेता येतो. नेमके कोणते मॉडेल घ्यावे, याचे उत्तर ब्रँडच्या कौतुकात शोधू नये. आपल्या काउंटीत कुणाचा मेकॅनिक लवकर येतो आणि सुटा भाग किती दिवसांत मिळतो, हे आधी विचारावे. मायोला काम आणि एकुलता एक मेकॅनिक वॉटरफर्डला, असे असेल तर जगातले उत्तम यंत्रही चिखलात उभे राहील.

दोन गोष्टी आधीच ठरवाव्यात. काम जुन्या वस्तीत, रस्त्याच्या कडेला असेल तर मागचा भाग कमी बाहेर येणारे 'शॉर्ट टेल' यंत्र बरे. फिरताना ते मागच्या भिंतीला किंवा माणसाला लागण्याचा धोका कमी. आणि साखळीच्या प्लेटांची रुंदी पाहावी. ५०० मिलिमीटरच्या प्लेटांवर यंत्र साधारण अडीच मीटर रुंद असते, ते रस्त्यावरून नेणे सोपे. ७०० मिलिमीटरच्या प्लेटा ऑफली-वेस्टमीथकडच्या मऊ, दलदलीच्या जमिनीत छान तरंगतात, पण रुंदी वाढते आणि वाहतुकीचे नियम आडवे येतात.

तासांचे मीटर आणि सत्य

मोटारीला जसे किलोमीटर, तसे या यंत्राला तास. नियमित कामावरचे यंत्र वर्षाला हजार ते दीड हजार तास सहज चालते. तेव्हा दहा वर्षांच्या यंत्रावर चार हजार तास दिसले तर आनंदाआधी शंका यावी. ते शेतकऱ्याच्या गोठ्यामागे उभे राहिलेले असू शकते, किंवा मीटर बदललेले असू शकते.

आम्ही गेलो त्या यंत्राचे मीटर चार हजार सांगत होते. पण पायाखालच्या पेडलचे रबर झिजून धातू दिसत होता, हातातल्या लिव्हरच्या मुठी गुळगुळीत झाल्या होत्या आणि सीटचा डावा कोपरा फाटून स्पंज बाहेर आला होता. मीटर बदलता येते, पण माणसाच्या हातापायांनी सोडलेल्या खुणा सहसा कुणी बदलत नाही. उलट दाराचे बिजागर, मुठी, पेडल एकदम कोरे करकरीत असतील तर तेही का, असे विचारावे.

आता आणखी एक साधन आहे. गेल्या वीसेक वर्षांतली बरीच यंत्रे आपले काम आणि तास उपग्रहामार्फत कंपनीला कळवतात. कोमात्सुचे कॉमट्रॅक्स, व्होल्वोचे केअरट्रॅक, जेसीबीचे लाइव्हलिंक, ह्युंदाईचे हाय-मेट या त्या व्यवस्था. विकणाऱ्याला सांगावे की यंत्राच्या नंबरावरून अधिकृत विक्रेत्याकडून तासांची नोंद काढून द्या. प्रामाणिक माणूस नाही म्हणत नाही.

यंत्र थंड असताना जावे

ही पहिली अट. विकणाऱ्याला आधीच सांगावे, "आम्ही येईपर्यंत चालू करू नका." गेल्यावर इंजिनावर हात ठेवून पाहावे. आम्ही पोचलो तेव्हा इंजिन गरम होते. "सकाळी जरा जागा बदलली," असे उत्तर मिळाले. असेलही. पण थंडीत चालू न होणारे इंजिन लपवायची हीच रीत असते.

थंड असताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

इंजिन: रेडिएटरचे झाकण थंड असतानाच उघडावे. पाण्यावर तेलाचा तवंग नको. तेलाची पट्टी काढून पाहावी, तेल दुधाळ दिसले तर पाणी मिसळले आहे. मग चालू करावे. सुरुवातीचा थोडा धूर चालेल. निळा धूर थांबत नसेल तर तेल जळते आहे. गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहिला तर इंजेक्टर किंवा हेड गॅस्केटची शंका घ्यावी. चालू इंजिनाचे तेल भरण्याचे झाकण जपून सैल करावे. तिथून गाडीच्या शिट्टीसारखी वाफ उसळत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्या असण्याचा संभव आहे.

खालचा भाग: साखळी, रोलर, पुढचे आयडलर चाक आणि मागचे दातेरी स्प्रॉकेट. वापरलेल्या यंत्रात सर्वांत मोठा खर्च इथेच दडलेला असतो आणि नवा रंग इथेच सर्वांत जास्त फसवतो. स्प्रॉकेटचे दात टोकदार, शार्कच्या दातांसारखे झाले असतील तर साखळीही संपत आली आहे असे समजावे. रोलरभोवती तेलाचे ओघळ नकोत. साखळीच्या चार कड्यांचे अंतर टेपने मोजून कंपनीच्या मापाशी ताडावे. दोन्ही बाजूंच्या साखळ्या आणि रोलर बदलायचे म्हणजे काही हजार युरो. तेवढे किमतीतून आधीच वजा करावेत.

पिना आणि बुश: बकेट जमिनीपासून वीतभर वर धरून ऑपरेटरला हात डावीउजवीकडे हलवायला सांगावे आणि सुरक्षित अंतरावरून पाहावे. बकेट आणि हाताच्या सांध्यात लाकडी दाराच्या बिजागरासारखी खडखड होत असेल तर ग्रीस वेळच्या वेळी दिलेले नाही. ज्याने ग्रीस दिले नाही त्याने तेलही वेळेवर बदलले नसणार.

फिरण्याची कडी: वरचे घर खालच्या चौकटीवर ज्या मोठ्या बेअरिंगवर फिरते, ती ही कडी. बकेट जमिनीवर टेकवून यंत्राचा पुढचा भाग जरा उचलावा आणि पुन्हा सोडावा. वरच्या आणि खालच्या भागात फट उघडझाप करताना दिसली तर तिथेच नमस्कार करावा. ही दुरुस्ती नव्या कंत्राटदाराला परवडणारी नाही.

बूम आणि हात: बिजागरांजवळ आणि वेल्डिंगच्या रेषांवर चीर किंवा जाड रंग शोधावा. नव्या रंगाखाली जुने वेल्डिंग खडबडीत लागते, बोट फिरवले की कळते.

मग तासभर काम करून घ्यावे

पाच मिनिटे हात हलवून दाखवला म्हणजे चाचणी झाली असे नाही. या यंत्राचे हृदय म्हणजे हायड्रॉलिक पंप, आणि त्याचा थकवा तेल तापल्यावरच कळतो. तीन पाव तास ते तासभर खरे खोदकाम करून घ्यावे. सकाळी चपळ असलेले यंत्र तेल तापल्यावर आळसावले तर पंप झिजला आहे किंवा आत कुठेतरी तेल निसटते आहे. बूम वर, हात आत आणि वरचे घर फिरते, अशा तीन हालचाली एकाच वेळी करायला सांगावे. इंजिन गुदमरू नये आणि पंपातून शिट्टी येऊ नये.

नंतर बकेट भरून बूम वर करावा, इंजिन बंद करावे, सिलिंडरच्या चकचकीत दांड्यावर खडूने खूण करावी आणि दहा मिनिटे थांबावे. या वेळात बूमखाली कुणीही उभे राहू नये. खूण बऱ्यापैकी सरकली तर सिलिंडरचे सील किंवा व्हॉल्व्ह गळतो आहे. दांड्यावर खड्डे किंवा ओरखडे असतील तर नवे सीलही फार टिकत नाही.

शेवटी सपाट जागेवर तीसेक मीटर सरळ पुढे आणि तितकेच मागे चालवावे. यंत्र स्वतःहून एका बाजूला ओढत असेल तर त्या बाजूच्या चालणाऱ्या मोटरचा संशय घ्यावा.

आणि हे आरोग्याचेही पान आहे म्हणून सांगतो, यंत्राची रक्ततपासणी करून घ्यावी! इंजिन, हायड्रॉलिक आणि मागच्या गिअरबॉक्सचे तेल छोट्या बाटल्यांत काढून प्रयोगशाळेत पाठवता येते. तेलात लोखंड जास्त आले तर झीज, सिलिकॉन आले तर धूळ आत शिरते आहे, सोडियम आले तर इंजिन थंड ठेवणारे पाणी मिसळते आहे. यंत्राच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ आहे. मात्र कालच तेल बदललेले असेल तर अहवालाला अर्थ उरत नाही, म्हणून तेल किती तासांपूर्वी बदलले ते आधी विचारावे.

धुराच्या नियमांचाही विचार करावा. या आकाराच्या यंत्रांत साधारण २०१४ च्या अखेरीपासून युरोपीय नियमांचा चौथा टप्पा आला आणि बऱ्याच इंजिनांना अॅडब्लू लागू लागले. २०२० पासून पाचवा टप्पा आला आणि त्यासोबत काजळी धरणारा फिल्टर. हवेसाठी हे चांगलेच आहे. पण दिवसभर नुसते गुरगुरत उभे राहणाऱ्या यंत्रात तो फिल्टर तुंबतो. 'ती भानगड आम्ही काढून टाकली आहे' असे कुणी अभिमानाने सांगितले तर यंत्र घेऊ नये. ते नियमबाह्य आहे, आणि मोठे कंत्राटदार अशा यंत्राला साइटवर घेत नाहीत.

कागद हे यंत्राचे कुळगोत्र

आमच्या त्या चौदा टनी यंत्राचा निकाल शेवटी कागदांनी लावला. चौकटीवर ठोकलेला नंबर आणि पत्र्याच्या पट्टीवरचा नंबर यांत दोन आकड्यांचा फरक निघाला. आणि कर्ज फिटल्याचे पत्र मागितले तेव्हा "ते नंतर पाठवतो" असे उत्तर आले. आम्ही हात जोडून परतलो.

इथे बहुतेक यंत्रे हायर पर्चेसवर घेतलेली असतात. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मालक फायनान्स कंपनीच असते, चालवणारा नव्हे. न फिटलेल्या हप्त्यांचे यंत्र आपण भोळेपणाने रोख पैसे देऊन घेतले तर उद्या ती कंपनी दारात उभी राहू शकते. म्हणून विकणाऱ्याने मूळ खरेदीचे बिल आणि फायनान्स फिटल्याचे लेखी पत्र दाखवलेच पाहिजे. पैसे बँकेतून, बिलावर नाव असलेल्या व्यवसायाच्या खात्यातच भरावेत.

ब्रिटनमधून आलेल्या यंत्रावर सीझर नोंदणीच्या त्रिकोणी पट्ट्या असू शकतात. चोरीची यंत्रे ओळखता यावीत म्हणून ही योजना तिकडे २००७ साली सुरू झाली. पट्टी उपटल्याची खूण दिसली तर सावध व्हावे.

१ जानेवारी २०२१ पासून ब्रिटन आपल्यासाठी परका देश आहे. लीड्सच्या लिलावात घेतलेल्या यंत्राला कस्टमची कागदपत्रे लागतात आणि आयातीवर व्हॅट लागतो. व्हॅट नोंदणी असलेल्याला तो लगेच न भरता आपल्या विवरणपत्रात दाखवता येतो. उत्तर आयर्लंडचे तसे नाही. टायरोनमधल्या ड्रोमोरच्या लिलावातून घेतलेले यंत्र मालाच्या व्हॅटपुरते युरोपीय नियमांतच येते. तिथल्या विक्रेत्याच्या व्हॅट नंबरापुढे एक्सआय ही अक्षरे असतात. पण लिलावात यंत्र 'आहे तसे' विकले जाते. हातोडा पडला की तक्रारीला फारशी जागा नसते. पहिले यंत्र लिलावात घेऊ नये, असे माझे मत आहे.

जपानहून थेट आलेली स्वस्त यंत्रेही बाजारात दिसतात. युरोपीय बाजारात पहिल्यांदा येणाऱ्या यंत्राला, ते वापरलेले असले तरी, सीई खूण आणि अनुरूपतेचे प्रमाणपत्र हवे. ते नसेल तर स्वस्त यंत्र पुढे महाग पडते.

यंत्राने नळ्या किंवा काँक्रीटच्या कड्या उचलायच्या असतील तर ते वजन उचलण्याचे साधन ठरते. त्याची वर्षातून एकदा सक्षम व्यक्तीकडून सखोल तपासणी होऊन जीए१ नावाचा अहवाल मिळायला हवा. तो नसलेले यंत्र घेतले तर तो करून घेण्याची जबाबदारी आपली.

आता हिशेब

घरी आल्यावर आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर वही उघडली. खालचे आकडे हिशेबापुरते धरलेले आहेत. आपापले आकडे घालून हा हिशेब प्रत्येकाने स्वतः करावा.

यंत्राची किंमत ६०,००० युरो धरू. २३ टक्के व्हॅट म्हणजे १३,८०० युरो. हायर पर्चेसमध्येही हा व्हॅट सुरुवातीलाच भरावा लागतो. नोंदणी असेल तर तो परत मिळतो, पण मधले काही आठवडे ते पैसे अडकतात. उपकंत्राटदाराच्या बांधकामाच्या बिलांवर व्हॅटचा भार मुख्य कंत्राटदार स्वतः नोंदवतो, त्यामुळे आपल्याकडे वजावटीला गोळा केलेला व्हॅटच नसतो. परतावा येईपर्यंत हातात रोकड हवी.

१५,००० युरो आपले घातले आणि ४५,००० पाच वर्षांच्या मुदतीने घेतले. सरासरी शिल्लक २२,५०० आणि व्याज ८ टक्के धरले तर वर्षाला १,८०० युरो व्याज. पाच वर्षांनी यंत्र २५,००० ला गेले, तर घट ३५,००० ची, म्हणजे वर्षाला ७,०००. विमा आणि इतर किरकोळ २,००० धरू. यंत्र हलो वा न हलो, वर्षाचा पक्का खर्च १०,८०० युरो.

चालताना तासाला डिझेल १० लिटर, लिटरला १ युरो धरला तर १० युरो. तेल, फिल्टर, साखळी, दुरुस्ती यांसाठी तासाला ७ युरो वेगळे काढायचे. हे १७ झाले.

वर्षाला १,००० तास काम मिळाले तर तासाचा खर्च १०.८० अधिक १७, म्हणजे २७.८० युरो. ५०० तासच मिळाले तर २१.६० अधिक १७, म्हणजे ३८.६० युरो. ऑपरेटरचा पगार आणि लो-लोडरचे भाडे निराळे.

या दोन आकड्यांतला फरक नीट पाहावा. यंत्र परवडते की नाही हे किमतीत हजारदोन हजार सूट मिळाल्याने ठरत नाही, वर्षाला किती तास काम आहे यावर ठरते. कामे दोनच असतील तर पहिले सहा महिने भाड्याने घ्यावे. भाडे महाग वाटते, पण त्यात बिघाडाची काळजी मालकाची असते.

कराची बाजू अशी. यंत्र वापरलेले असले तरी त्याच्या किमतीच्या १२.५ टक्के दरवर्षी, आठ वर्षे, नफ्यातून वजा करता येतात. ६०,००० वर वर्षाला ७,५०० ची वजावट. कंपनी असेल आणि तिला १२.५ टक्के कर असेल तर वर्षाला ९३७.५० युरो वाचतात. एकट्याच्या नावावर धंदा असेल आणि ४० टक्क्यांचा दर लागत असेल तर आयकरात ३,००० वाचतात. पाच वर्षांची वजावट घेऊन झाल्यावर २५,००० ला विकले तर तोवर ३७,५०० वजा झालेले असतात आणि कागदावर २२,५०० उरलेले असतात. वरचे २,५०० करपात्र होतात, हे विसरू नये.

शिवाय आरसीटी. मुख्य कंत्राटदार आपले बिल चुकवताना रेव्हेन्यूने सांगितलेल्या दराने ०, २० किंवा ३५ टक्के कापून घेतो. ही रक्कम आपल्या कराच्या खात्यात जमा होते, बुडत नाही. पण १०,००० च्या बिलाचे हातात ८,००० येतात आणि हप्ता मात्र पूर्ण द्यावा लागतो. म्हणून किमान तीन महिन्यांचे हप्ते बाजूला ठेवल्याशिवाय यंत्र दारात आणू नये. हे सगळे हिशेबनिसाला एकदा दाखवावे. प्रत्येक भागातल्या लोकल एंटरप्राइज ऑफिसमध्येही नवा धंदा सुरू करणाऱ्यांसाठी अभ्यासवर्ग असतात.

जे कामाच्या परमिटवर, म्हणजे स्टॅम्प १ वर आहेत, त्यांना स्वतःचा धंदा करता येत नाही. आधी स्टॅम्प ४ किंवा नागरिकत्व, मग यंत्र.

चालवणाऱ्याची पाठ

इथे साइटवर ट्रॅक मशीन चालवायला सेफ पास आणि त्या यंत्राचे सीएससीएस कार्ड लागते. मालक असलो तरी सूट नाही. 'गावाकडे चालवलं आहे' हे इथे चालत नाही.

यंत्र पाहताना सीटवर स्वतः बसून पाहावे. दिवसभर अंगाला बसणारे हादरे कमरेच्या मणक्यांना महाग पडतात. इथल्या २००७ च्या नियमांत संपूर्ण शरीराला बसणाऱ्या हादऱ्यांची मर्यादाच आठ तासांच्या दिवसासाठी घालून दिली आहे. वर्गसेकंदाला ०.५ मीटरपासून मालकाने उपाय सुरू करायचे आणि १.१५ च्या वर जायचेच नाही. बसलेली सीट, ढिल्या साखळ्या आणि दिवसभर ब्रेकर, या तिन्हींचा मेळ बसला की पाठ गेलीच. नवी सीट काही शे युरोंना येते, मणके येत नाहीत. दर तासाला उतरून चार पावले चालावे. उतरताना उडी मारू नये, दोन पाय एक हात किंवा दोन हात एक पाय टेकलेला ठेवावा. केबिनचा हवेचा फिल्टर बदललेला असावा. काँक्रीट फोडताना उडणारी सिलिकाची धूळ फुप्फुसात कायमची बसते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बकेट पटकन बदलण्याचे क्विक हिच. काही प्रकारांत सुरक्षेची पिन हाताने घालावी लागते. ती घालायची राहिली की बकेट सुटून खाली पडते, आणि खाली चरात माणूस असतो. अशा अपघातांत माणसे गेली आहेत. हिचची पिन आणि कुलूप यंत्र घेतानाच पाहावे आणि रोज सकाळी पुन्हा पाहावे. खोदण्याआधी ईएसबी नेटवर्क्स आणि गॅस नेटवर्क्स आयर्लंड यांच्याकडून जमिनीखालचे नकाशे मागवावेत.

पुढे काय झाले

हिशेबाची वही उघडी असताना वहिनींनी एकच प्रश्न विचारला, "मशीन बंद पडलं तर हप्ता बंद होतो का हो?" आमच्या दोघांच्या तासांच्या नि टक्क्यांच्या गप्पा तिथेच थांबल्या. त्यानंतर 'बंद पडले तर' या नावाचे एक वेगळे बचत खाते उघडले, आणि त्यात पैसे जमेपर्यंत यंत्र भाड्याने आणायचे ठरले.

यंत्र घेतले ते सात महिन्यांनी. साडेसात हजार तासांचे, रंग उडालेले, केबिनला एक पोचा आलेला. पण पहिल्या दिवसापासूनची सर्व्हिसची बिले एका फायलीत, एकच मालक, यंत्र थंड असताना चालू करून दाखवले, आणि तेलाचे अहवाल चांगले आले. साखळ्या झिजल्या होत्या, त्याचे पैसे किमतीतून वजा करून घेतले. पहिल्या चार हजारवाल्यापेक्षा ते दिसायला म्हातारे, पण अंगाने धडधाकट आहे.

त्या वर्षी खंडेनवमीला आम्हाला बोलावणे आले. किल्डेअरच्या त्या चिखलात बकेटला हळदकुंकू लागले, झेंडूऐवजी सुपरमार्केटातली शेवंती वाहिली, आणि शेजारचा आयरिश मेकॅनिक नारळाचा प्रसाद कौतुकाने खात उभा होता. त्याने विचारले, "याने इंजिन जास्त चालतं का?" आमचे स्नेही म्हणाले, "चालतं, पण ग्रीसही द्यावं लागतं."

आपल्यापैकी कुणी असे यंत्र घेतले असेल, फायद्यात असो वा तोट्यात, तर आपला अनुभव मंडळाकडे जरूर कळवावा. आणि कुणाला बघायला जायचे असेल तर मला सांगावे. शनिवार सकाळ मोकळी असते. पैसे मात्र घरी ठेवून यावे.